मंगळावरचे पाच किलो

वजन बरोबर पाच किलो होतं. वेळ बरोबर वीस मिनिटं झाली होती. टेबल, टॉवेल, पट्ट्या, सगळं आईने सांगितलं होतं तस्संच. तरीही बाबाचा निखळलेला खांदा जागेवर यायचं नाव घेईना.

"ठोंब्या, पाणी नक्की पाच लिटर भरलंस ना?" शाल्मलीने विचारलं.

"भरलं, शाल्मलीताई. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो. मोजमापात मी चुकत नाही," ठोंब्या म्हणाला. ठोंब्या हा वस्तीवरचा यंत्रमानव. खडक फोडणं, पाइप जोडणं ही त्याची कामं. त्याचं नाव शाल्मलीनेच ठेवलं होतं, आणि ते त्याला का शोभतं हे तुम्हाला कळेलच.

आता मला सांगा, सगळं बरोबर असताना गोष्ट चुकते कशी? मला कुणी हे कोडं घातलं असतं तर मी कपाळाला हात लावून बसले असते. शाल्मलीला बसून चालणार नव्हतं. का, ते सांगते. पण त्यासाठी दीड तास मागे जायला हवं.

मंगळावरच्या गैरिक वस्तीत एकूण सहा माणसं. त्यातली चौघं उत्तरेकडे बर्फ शोधायला गेली होती, परतायला अजून नऊ दिवस होते. मागे राहिला होता शाल्मलीचा बाबा, म्हणजे वस्तीचा पाणी-अभियंता यशोधन टेंबे, नऊ वर्षांची शाल्मली आणि हा ठोंब्या. आणि डॉक्टर? डॉक्टरांची खोली होती. खोलीत खाट होती, औषधांचं कपाट होतं, दारावर पाटीसुद्धा होती, 'डॉ. वैजयंती टेंबे' अशी. फक्त डॉक्टर नव्हती. ती पृथ्वीवर होती. आणि ती शाल्मलीची आई होती.

खरं तर तिघांनी मिळूनच यायचं ठरलं होतं. पण यान सुटायच्या आठवडाभर आधी तपासणीत आईच्या कानात दोष सापडला. शस्त्रक्रिया करावी लागणार होती, आणि यान काही कुणासाठी खोळंबत नाही. पृथ्वी आणि मंगळ सूर्याभोवती आपापल्या वेगाने फिरतात. प्रवासाला सोयीच्या जागी ते दर सव्वीस महिन्यांनीच येतात. ती संधी हुकली की बसा सव्वीस महिने! "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," असं आई हसत म्हणाली होती. आता त्यातले बारा महिने सरले होते, चौदा उरले होते. शिवाय वर सात महिने प्रवासाचे. रोज संध्याकाळी शाल्मली त्या रिकाम्या खोलीत जाऊन आईची खाट झाडून यायची. खाटेवर धूळ नसायची. तरी ती झाडायची.

आईशी फोनवर गप्पा माराव्यात, तर तेही नाही. त्या दिवशी पृथ्वी पंचवीस कोटी किलोमीटर लांब होती. संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. एवढा धावूनही त्याला पृथ्वीवर पोचायला चौदा मिनिटं लागायची, आणि उत्तर यायला आणखी चौदा. म्हणजे "आई, जेवलीस का?" असं विचारलं, तर नुसतं "हो" ऐकायला अठ्ठावीस मिनिटं. एका "हो"साठी तुम्ही कधी इतका वेळ थांबला आहात का? शाल्मली थांबायची. दुसरा इलाजच नव्हता.

तर त्या दिवशी बाबा भाजीघरातला दिवा बदलायला शिडीवर चढला होता. उतरताना पाय घसरला. त्याने वरचा दांडा उजव्या हाताने गच्च पकडला आणि सगळं शरीर त्या एका हाताला लटकून गर्रकन फिरलं. बाबा जो ओरडला, तसा ओरडलेला शाल्मलीने त्याला कधीच ऐकला नव्हता. तिच्या हातातली पालकाची जुडी खाली पडली.

खांद्याचा गोलवा नाहीसा झाला होता. शर्टाच्या आत खांदा एकदम टेबलाच्या कोपऱ्यासारखा टोकदार दिसत होता. बाबा डाव्या हाताने उजवा हात अंगापासून जरासा लांब सावरून धरत होता. तो जवळ घ्यायला गेला की कळ मस्तकात जायची.

शाल्मलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने रडतरडतच संदेश पाठवला, "आई, बाबा शिडीवरून पडला. त्याचा खांदा कसातरीच दिसतोय. लवकर सांग ना गं काय करू!" मग तिने बाबाचे फोटो पाठवले आणि वाट बघत बसली.

"ठोंब्या, तूच का नाही बसवत?" तिने विचारलं. "तुझ्या अंगात किती ताकद आहे! एक झटका दे की."

"तीच तर अडचण आहे," ठोंब्या म्हणाला. "मी खडक ओढणारं यंत्र आहे. माणूस ओढायची मला मनाई आहे. आणि झटका तर कुणीच द्यायचा नसतो. सांगू का?"

"सांग. नाही तरी अठ्ठावीस मिनिटं काय करणार?"

"खांदा हा उखळीचा सांधा (एका हाडाचं गोल टोक दुसऱ्या हाडाच्या खोलगट जागेत फिरतं असा सांधा). पण ही उखळ अगदी उथळ असते. बशीत ठेवलेल्या लिंबासारखं समजा. उथळ आहे म्हणून तर हात वर, खाली, मागे, सगळीकडे फिरतो. आणि उथळ आहे म्हणूनच लिंबू कधीकधी बशीबाहेर घसरतं. साहेबांचं लिंबू पुढच्या बाजूला घसरलं आहे."

"साहेबांचं लिंबू!" खाटेवर कण्हणारा बाबासुद्धा हसला, आणि हसला म्हणून पुन्हा विव्हळला.

"मग ते आपोआप परत का जात नाही?"

"स्नायू जाऊ देत नाहीत. सांधा निखळला की भोवतीचे स्नायू घाबरून घट्ट आवळतात. झटका दिला तर ते आणखी आवळतात. त्या ओढाताणीत हाड मोडू शकतं किंवा जवळून जाणारा मज्जातंतू (मेंदू आणि शरीर यांच्यात निरोप नेणारा धागा) दुखावू शकतो. तो कायमचा दुखावला तर हात लुळा पडतो."

"आणि काहीच केलं नाही तर?"

ठोंब्याला खोटं बोलता येत नाही. "जितका उशीर, तितके स्नायू घट्ट. आणि तो मज्जातंतू तितका वेळ दबलेला राहतो," तो म्हणाला.

शाल्मलीने बाबाच्या उजव्या हाताकडे पाहिलं. याच हाताने तो रोज तिची वेणी घालायचा. आईने पाठवलेला व्हिडिओ पुढेमागे करत, तीन आठवडे खपून तो वेणी शिकला होता. अजूनही वाकडीच यायची, पण यायची. हा हात गेला तर? तिला पुढचा विचारच करवेना.

शेवटी आईचा संदेश आला. आई मिरजेच्या घरातूनच बोलत होती. स्वयंपाकघरात, केस कसेबसे बांधलेले, मागे कुकर दिसत होता.

"शाल्मली, आधी डोळे पूस. पुसलेस? हं. आता नीट ऐक. बाबाच्या मनगटावर नाडी लागते का बघ. त्याला बोटं हलवायला सांग. दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला हळूच बोट लाव आणि कळतंय का विचार. सांधा बसवायच्या आधी हे बघायचं आणि बसवल्यावर पुन्हा बघायचं, विसरायचं नाही. मग त्याला दुखण्यावरची गोळी दे. ती लाल डब्यात आहे. टेबलावर पालथं झोपव. दुखरा हात कडेवरून खाली लोंबकळू दे. छातीखाली जाड टॉवेल घाल, तो आपला मरून रंगाचा घे. मनगटाला पट्टी गुंडाळून तिला पाच किलोचं वजन बांध. त्याने हातात धरायचं नाही. धरलं की स्नायू पुन्हा आवळतात. हे बघ, असं."

आईने पाच लिटरचा पाण्याचा कॅन उचलून दाखवला.

"मग काही करायचं नाही. ओढायचं नाही, पिरगळायचं नाही. त्याला सावकाश श्वास घ्यायला सांग. वजन हळूहळू ओढत राहतं, स्नायू दमतात, दमले की सैल पडतात, आणि हाडाचं गोल टोक आपोआप आत जातं. पंधरा-वीस मिनिटं लागतील. घाबरू नकोस, राणी. मी आहे."

मरून टॉवेल काही शाल्मलीला सापडला नाही. सापडेल कसा, तो मिरजेला होता. तिने करडा घेतला. नाडी लागत होती, बोटं हलत होती, दंडावरचा स्पर्श बाबाला कळत होता. मग गोळी, टेबल, पट्टी. ठोंब्याने कॅन भरून आणला. शाल्मलीने तो दोन बोटांनी उचलून बांधून टाकला.

आणि वीस मिनिटांनी काय झालं, ते तुम्हाला माहीतच आहे. काहीही नाही!

आणखी पाच मिनिटं गेली. "शाल्मली," बाबा टेबलाच्या कडेवरून म्हणाला. तो सहज बोलल्यासारखं दाखवत होता, पण तिला त्याचा आवाज ओळखता येत होता. "बोटांना जरा मुंग्या आल्यासारखं होतंय गं."

शाल्मलीने लगेच पुन्हा संदेश पाठवला, "आई, सगळं केलं. तरी बसत नाहीये. बोटांना मुंग्या येतायत." पुन्हा अठ्ठावीस मिनिटं. तोवर काय करायचं? बाबाजवळ रडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. म्हणून तिने आईचा आधीचा संदेश पुन्हा लावला.

खरं सांगू? सूचना ऐकायला लावलाच नव्हता तिने. सूचना तिला पाठ झाल्या होत्या. तिला आई बघायची होती. आईचं कपाळ, आईचे हात, ती बोलता बोलता बट कानामागे सारते ते. आवाज बंद करून शाल्मली नुसती बघत राहिली. आईने वाकून कॅन उचलला. उचलताना ती एका बाजूला कलली, तिचे ओठ आवळले गेले, मनगटाची शीर टरारून वर आली.

शाल्मलीने तेवढाच तुकडा पुन्हा पाहिला. मग तिसऱ्यांदा पाहिला.

"ठोंब्या," ती हळूच म्हणाली, "आई माझ्यापेक्षा शक्तिमान आहे ना?"

"हो. कितीतरी."

"मग कॅन उचलताना आई कललीय, आणि मी तो दोन बोटांनी उचलला. असं कसं?"

"त्यात नवल काय, शाल्मलीताई? त्या पृथ्वीवर आहेत. तुम्ही मंगळावर आहात."

शाल्मली उडी मारून उभी राहिली. "अरे, मग हा कॅन पाच किलोचा कसा?"

"पाच किलोचाच आहे. त्याचं वस्तुमान (वस्तूत द्रव्य किती भरलं आहे ते) पाच किलो. ते इथेही पाच आणि मिरजेतही पाच. पाणी तेवढंच आहे ना? पण वजन म्हणजे त्या द्रव्याला ग्रह खाली किती जोराने ओढतो ते. मंगळ लहान ग्रह. पृथ्वी जिथे शंभर भाग ओढते, तिथे मंगळ अडतीसच भाग ओढतो. हा कॅन इथे खाली ओढतो तो पृथ्वीवरच्या जेमतेम दोन किलोच्या डब्याइतका."

"म्हणजे बाबाच्या खांद्याला अर्धी ओढसुद्धा मिळत नाहीये! आणि तू हे आत्ता सांगतोयस?"

"मला पाच किलो मागितलं. मी पाच किलो दिलं. ओढ किती हवी, हे कुणी विचारलं नाही."

"ठोंब्या, ठोंब्या, ठोंब्या!" शाल्मली ओरडली. आता पटलं ना नाव?

"भांडा नंतर," बाबा टेबलावरून म्हणाला. "आधी आकडा काढा."

"पाच भागिले अडतीस शतांश," ठोंब्या म्हणाला. "तेरा किलोला किंचित वर. म्हणजे साधारण तेरा लिटर पाणी."

तेरा! आकडा ऐकून शाल्मली थबकली. आईने पाच सांगितले होते, आणि आई डॉक्टर होती. तिचं उत्तर यायला अजून वीस मिनिटं होती. आपण नऊ वर्षांच्या, आणि आईच्या शब्दाबाहेर जायचं? चूक झाली तर? बाबाच्या हाताचं काही झालं, तर आईला काय सांगायचं?

"बाबा, आईला विचारल्याशिवाय करू का?"

बाबाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आईला ओढ किती हवी होती?"

"पृथ्वीवर पाच किलोची असते, तेवढी."

"आणि तू किती देणार आहेस?"

शाल्मलीने विचार केला. "तेवढीच."

"मग आईचंच ऐकतेयस की. दे."

तरी तिने एकदम वजन वाढवलं नाही. पहिल्या कॅनशेजारी दुसरा बांधला, मग तिसरा, आणि त्यांत एकेक लिटर पाणी ओतत गेली. दर लिटरमागे ती बाबाला विचारायची, "मुंग्या वाढल्या? बोटं हलव. जास्त दुखतंय?" नऊ लिटर. दहा. बाबाचा हात आता खरोखरच ताणलेला दिसत होता, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा. अकरा. बारा. तेरा.

"आता काही करायचं नाही," शाल्मली म्हणाली. अगदी आईच्याच सुरात म्हणाली, तिला कळलंही नाही. "सावकाश श्वास घे, बाबा."

ती खाली बसून राहिली. काही न करणं किती अवघड असतं! हात शिवशिवतात, वाटतं थोडं ओढून पाहावं. तिने आपले हात मांडीखाली दाबून ठेवले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. बाबाचा श्वास संथ झाला. खांद्याभोवतीचे स्नायू आधी उडत होते, ते एकेक करून शांत होत चालले होते.

आणि मग मऊसा, खोलवरून आल्यासारखा आवाज आला. टक्!

"आई गं!" बाबा ओरडला. मग म्हणाला, "अरे... गेलं. दुखणं गेलं."

खांदा पुन्हा गोल दिसत होता. शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. पण ती विसरली नाही हं. आधी नाडी बघितली, मग बोटं हलवायला लावली, मग दंडावर हळूच बोट टेकवलं. "कळतंय?" "कळतंय गं बाई, सगळं कळतंय." मुंग्याही ओसरू लागल्या होत्या. ठोंब्याने मोठ्या रुमालाची झोळी करून दिली आणि शाल्मलीने बाबाचा हात त्यात अलगद ठेवला. तेव्हा कुठे ती रडली. बाबाने तिला डाव्या हाताने जवळ घेतलं.

तेवढ्यात आईचा संदेश आला. आई अजून स्वयंपाकघरातच होती, पण तिचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"शाल्मली, थांब! पाच नाही. तेरा किलो लाव, तेरा. माझं चुकलं. माझ्यासमोर भिंतीवर तक्ता आहे, मंगळासाठी तेरा किलो, माझ्याच हाताने लिहिलेला. वर्षभर मी तोच शिकवतेय मंगळावर जाणाऱ्या सगळ्यांना." आई थांबली. तिचा आवाज फुटला. "पण तू रडत होतीस ना. तू रडायला लागलीस आणि मला वाटलं, तू इथेच आहेस, आपल्या घरात. मी त्या मरून टॉवेलच्या कपाटाकडे बघून तुला सांगत होते गं. वर्ष झालं, पण माझ्या मनात तू अजून या घरातून गेलीच नाहीस."

संदेश संपला.

"शाल्मलीताई," ठोंब्या म्हणाला, "नियमाप्रमाणे उपचाराची चुकीची सूचना नोंदीतून पुसावी लागते. पाच किलोवाला संदेश पुसू?"

"उपचाराच्या नोंदीतून पूस," शाल्मली म्हणाली. "आणि माझ्याकडे ठेव."

"पण तो चुकीचा आहे."

"असू दे." तिला एवढे दिवस एक भीती वाटायची. बाबालाही तिने ती सांगितली नव्हती. आपण इतक्या लांब आलो, मधे इतके महिने गेले, तर आईला आपल्याविना राहायची सवय झाली असेल, असं तिला वाटायचं. आता तसं वाटत नव्हतं. आई तिच्याशिवाय राहायला शिकली नव्हती. जिने भिंतीवर तेरा लिहिले, तिच्या तोंडून पाच आले, ते याचमुळे.

मग तिने चेहरा धुतला, केस हातानेच सारखे केले आणि संदेश सुरू केला.

"आई, बाबाचा खांदा बसला. तेरा लिटर लावले. नाडी लागते, बोटं हलतात, सगळं पुन्हा बघितलं. तू रडू नकोस. तू इथे येशील ना, तेव्हा पहिले काही दिवस तुझ्या हातून असंच होणार. ओतायला गेलीस की पाणी लांब उडेल, पायरी चढायला गेलीस की भलतीच उंच जाशील, आणि हातात घेतलेलं सगळं तुला हलकं वाटेल. मलाही तसंच व्हायचं. मी आहे ना इथे. मी तुला सगळं शिकवीन."

तिने बटण दाबलं. संदेश निघाला, आणि ती चौदा मिनिटं मोजू लागली.